लोभ असो दीजे

दिवाळीचा पाडवा असो, परीक्षेचा निकाल असो, वा शेजारच्या घरी नव्याने आलेले वाहन असो, ज्या शब्दाच्या उच्चारावाचून आज कोणताही प्रसंग यथासांग पार पडला असे कोणास वाटत नाही, तो ‘शुभेच्छा’ हा शब्द पेशवाईतील पत्रांच्या रुमालांत शोधावयास बसावे तर सहसा हाती लागत नाही. शब्द संस्कृत आहे, जुनाही आहे. परंतु त्याचे माहेर निराळे. योगवासिष्ठात ज्ञानाच्या ज्या सात भूमिका वर्णिल्या आहेत, त्यांतील पहिलीचे नाव शुभेच्छा. संसाराचा वीट आलेल्या साधकाच्या अंतःकरणात आत्मकल्याणाची जी पहिली ओढ उपजते, तिला हे नाव. विचारणा, तनुमानसा अशा पायऱ्या चढत शेवटी तुर्यगेपर्यंत जो जिना जातो, त्याची ही पहिली पायरी; ती स्वतःच चढावयाची, दुसऱ्यास पाठवून द्यावयाची नव्हे. अशी ही मुमुक्षूची इच्छा मोक्षाची वाट सोडून टपालाच्या पेटीत येऊन पडली, त्याला जो एक धंदा कारण झाला त्याची हकीकत येथे सांगावयाची आहे. तो धंदा म्हणजे दुसऱ्याच्या वतीने गोड लिहिण्याचा.

मग शुभेच्छा नव्हत्या तेव्हा माणसे एकमेकांस काय पाठवीत? आशीर्वाद पाठवीत, नमस्कार पाठवीत, दंडवत आणि रामराम पाठवीत. या प्रत्येक शब्दाला दिशा होती. आशीर्वाद वरून खाली उतरतो, साष्टांग नमस्कार खालून वर चढतो, सप्रेम नमस्कार समोरासमोर जातो. शब्द हाती घेण्यापूर्वी लिहिणाऱ्यास दोन गोष्टी निश्चित कराव्या लागत: आपण कोठे उभे आहो, आणि ज्याला लिहितो तो कोठे बसला आहे. शुभेच्छेला ही विवंचना नाही. ती नातवाने आजोबांस द्यावी, साहेबाने शिपायास द्यावी, दुकानदाराने गिऱ्हाइकास द्यावी, सर्वत्र सारखीच बसते. पूर्वीच्या लेखकाचे सारे कौशल्य ‘कोणाला’ या प्रश्नाभोवती फिरत असे. आजच्या लेखकाला पुरतो तो ‘कशाबद्दल’ हा प्रश्न.

पत्राच्या आरंभीच्या या मानमर्यादेला मराठीत ‘मायना’ म्हणतात. शब्द अरबी आहे आणि मूळ अर्थ आहे ‘अर्थ’. पत्राचा जो भाग अर्थशून्य समजून आपण ओलांडून पुढे जातो त्याचेच नाव ‘अर्थ’ असावे, हा भाषेचा विनोद मला फार आवडतो; आणि थोडे खोल पाहिले तर तो विनोदही नाही. पुष्कळ पत्रांचा खरा अर्थ मायन्यातच संपलेला असे. देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्रि याच्याकडे परंपरा जी अनेक कर्तृत्वे देते, मोडी लिपी, हेमाडपंती देवळे, त्यांतच ‘मेस्तक’ हेही एक. कोणत्या दर्जाच्या माणसास कोणता मायना लिहावा, हिशेब कसा ठेवावा, यांचे नियम सांगणारी ही टिपणे. मोडीचा कर्ता हेमाद्रि होय, हे विद्वान फारसे मानीत नाहीत. मेस्तकाच्या कर्तृत्वाचा मीही आग्रह धरणार नाही. मात्र पत्राच्या चार ओळींसाठी नियमांचे पुस्तक लागावे आणि त्याला चतुर्वर्गचिंतामणीसारखा प्रचंड धर्मनिबंध लिहिणाऱ्या मंत्र्याचे नाव द्यावे असे लोकांस वाटले, एवढ्यावरूनच त्या चार ओळींची योग्यता कळून येते.

यादवांमागून सुलतानांच्या अमलात मायन्याने फारसी पेहराव चढविला. ‘अज रख्तखाने’ असा प्रारंभ, नावापुढे ‘दाम दौलतहू’, पाटील-देशमुखांस ‘मशहूरुल अनाम’. शिवाजीराजांच्या आरंभीच्या काळातील कित्येक मराठी पत्रे याच थाटाने सुरू होतात, आणि चार फारसी पायऱ्या चढून गेल्यावर मग मराठीचा उंबरठा लागतो. पुढे १६७४ साली राज्याभिषेक झाला, नवा शक सुरू झाला, आणि पत्राच्या माथ्यावर ‘स्वस्तिश्री राज्याभिषेक शक’ येऊन ‘क्षत्रियकुलावतंस श्रीराजा शिवछत्रपती यांनी आज्ञा केली ऐसीजे’ असे अक्षर उमटू लागले. त्याच सुमारास रघुनाथपंत हणमंते यांच्याकडून राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला आणि फारसी शब्दांना संस्कृत पर्याय मिळाले. ते पर्याय सगळेच काही रुळले नाहीत. खुद्द ‘मायना’ हा शब्दही अरबीच राहिला. परंतु सिंहासनावर बसलेल्या माणसाला आपला मायना बदलावासा वाटतो, आणि तो बदलला हे गावोगावच्या पाटलांस समजल्यावाचून राज्य बदलले हे त्यांस समजत नाही, ही गोष्ट तख्त, छत्र आणि मुद्रा यांच्याइतकीच राजकारणाची आहे.

या धंद्याचे कुलदैवत म्हणावे असे नाव बाळाजी आवजी चिटणीस यांचे. त्यांची आख्यायिका सर्वश्रुत आहे. महाराजांनी एक महत्त्वाचे पत्र लिहावयास सांगितले. दिवसभरच्या कामांत ते राहून गेले. रात्री महाराजांनी विचारले, ‘पत्र तयार आहे काय?’ आणि बाळाजींनी ‘होय’ म्हणून कोरा कागद हाती धरून सबंध पत्र अस्खलित वाचून दाखविले. जवळ उभा असलेला मशालजी हसला, तेव्हा खरा प्रकार उघडकीस आला, आणि महाराजांनी रागावण्याऐवजी कौतुक केले. आख्यायिका ती आख्यायिकाच. परंतु मला नेहमी वाटते की त्या कोऱ्या कागदावरची पहिली चार वाक्ये वाचताना बाळाजींना काहीच श्रम पडले नसतील. मायना त्यांच्या जिभेवरच असणार. मजकूर रचताना मन चालावे आणि मायना लिहिताना नुसता हात, अशी या लोकांची सवय असे.

ते काम प्रत्यक्ष कसे चाले हे पाहणे मनोरंजक आहे. जुन्नरी किंवा दौलताबादी कागदाची लांब पट्टी घ्यावी; वर मध्यभागी ‘श्री’ लिहावे; मग बोरूने डावीकडून उजवीकडे एक सरळ रेघ ओढून त्या रेघेस अक्षरे टांगीत जावे, कारण मोडीत आधी रेघ आणि मग अक्षर असा क्रम आहे. पहिल्या रेघेवर मायना. सरदारास ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री अमुक गोसावी यांसी’. येथील गोसावी म्हणजे जटाधारी बैरागी नव्हे, स्वामी या अर्थीचा आदर. वडिलांस ‘तीर्थरूप’, मुलास ‘चिरंजीव’, सुवासिनीस ‘वज्रचूडेमंडित’, विधवेस ‘गंगाभागीरथी’. लिहिणारा स्वतःस ‘सेवक’ म्हणवी, ‘पोष्य’ म्हणवी, किंवा काहीच न म्हणवता नुसते नाव घाली. त्या प्रत्येकाचे वजन निराळे. मग क्रियापदाची पाळी. छत्रपती ‘आज्ञा’ करीत, बरोबरीचा ‘विनंती’ करी, कनिष्ठ ‘विज्ञापना’ करी. शेवटही मोजूनमापून. हाताखालच्या माणसास ‘जाणिजे’ एवढ्यावर पत्र तोडावे. बरोबरीच्यास ‘बहुत काय लिहिणे, लोभ असो दीजे हे विनंती’ म्हणावे. वरिष्ठांस ‘सेवेसी श्रुत होय हे विज्ञापना’ असे लिहून वाकावे. राजेरजवाड्यांस जावयाचे पत्र असेल तर ते किनखापाच्या खलित्यात शिरे, आणि उघडणाऱ्याच्या बोटांना अक्षरांआधी वस्त्राचा स्पर्श होई. मालकाला काही जिव्हाळ्याचे लिहावयाचे असेल तर चिटणिसाचा मजकूर संपल्यावर तो दस्तुरखुद्द दोन ओळी खरडी. बहुधा वाकड्यातिकड्या; पण घेणारा त्याच आधी वाचीत असेल, असा माझा तर्क आहे.

हे सारे वाचून, काय गोड आणि नेमस्त काळ होता, असा उसासा टाकण्याची घाई मात्र करू नये. जेथे प्रत्येक शब्दाला पायरी नेमलेली असते तेथे पायरी चुकणाऱ्यावर पहाराही असतो. रामराम कोणी म्हणावा, दंडवत कोणी घालावा, जोहार कोणी करावा हे जातीजातींस वाटून दिलेले होते, आणि ‘जोहार’ या एका शब्दात महारवाड्याचे गावकुसाबाहेरचे सारे अंतर मावलेले होते. सोनार मंडळी आपसांत ‘नमस्कार’ हा शब्द वापरतात, तो वापरण्याचा त्यांस अधिकार नाही, अशी ब्राह्मणांची तक्रार पुण्याच्या दरबारामार्फत मुंबईच्या कंपनी सरकारापर्यंत गेली, आणि १७७९ साली त्या सरकारने सोनारांस तो शब्द वापरण्याची मनाई केली. समुद्रापलीकडून व्यापारासाठी आलेल्या कंपनीने येथील अभिवादनाच्या एका शब्दासाठी हुकूम काढावा! पुढे १७९२ साली महादजी शिंद्यांनी बादशहाकडील वकील-इ-मुतलकीची फर्माने पुण्यास आणली, तेव्हा ती स्वीकारण्यापूर्वी पेशव्यास साताऱ्याच्या छत्रपतींची परवानगी घ्यावी लागली. मानाचे बिरुद कोणी कोणाच्या संमतीने घ्यावे, हेही त्याच जातीचे प्रकरण. शुभेच्छा हा शब्द सर्वत्र सारखाच बसतो असे मी वर म्हटले, ते वाचकाने केवळ दूषण समजू नये.

१८१७ साली शनिवारवाड्यावरचे निशाण बदलले आणि पुढल्या वर्षी राज्य गेले. राजाचा मान मात्र पत्रांत शिल्लक राहिला. ‘राजमान्य राजश्री’ हे बिरुद आता राजाच्या मान्यतेवाचूनच मिळू लागले, इतके की त्याचे ‘रा. रा.’ असे दोन अक्षरी टरफल तेवढे उरले आणि ते शाळामास्तर, वाणी, वकील, सर्वांच्या नावाआधी बसले. कलेक्टर, मामलेदार, मुनसफ यांस ‘मे.’ लागे, म्हणजे मेहेरबान. आजही दुकानांच्या पाट्यांवर ‘मे.’ दिसते, परंतु ते मेसर्सचे. मेहेरबानी आटली आणि तिच्या रिकाम्या झालेल्या एका अक्षरात व्यापारी येऊन राहिला, असे ते घरभाडे आहे.

मग १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. एका पैशात कोकणातून वऱ्हाडात मजकूर जाऊ लागला, पण जागा तळहाताएवढी. मायना सोडवत नाही आणि जागा तर पुरत नाही, अशा कोंडीत मराठी माणसाने जी तोड काढली ती त्याच्या काटकसरीस शोभणारीच होती. ‘शि. सा. न. वि. वि.’ म्हणजे शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष. ‘अ. उ. आ.’ म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद. सबंध देह जमिनीवर पालथा घालावयाचा तो तीन अक्षरांत घातला. त्या अक्षरांचा विस्तार करून दाखवा असे शाळेत विचारले जाई, आणि पुष्कळ मुलांस तो येत नसे; तरी घरी लिहिताना तीच मुले ती अक्षरे न चुकता लिहीत.

ज्यांना लिहिताच येत नव्हते त्यांचा चिटणीस रस्त्यावर बसे. मुंबईच्या मोठ्या पोस्टासमोर, कबुतरखान्याजवळ, ताडपत्रीखाली बसणारे हे पत्रलेखक गिरणगावच्या चाकरमान्यांचे बाळाजी आवजीच होते. १८८० साली मनीऑर्डर सुरू झाली आणि तिच्या फॉर्माच्या तळाशी दोन ओळींचा संदेश लिहिण्यापुरती जागा मिळाली. गिरणीतला जॉबर असो वा बदली कामगार, तो उकिडवा बसून सांगे, ‘लिवा, खुशाल हाय.’ लेखक लिही: ‘ती. बाबांचे सेवेशी, बाळकाचे शि. सा. न. वि. वि. मी येथे खुशाल असे.’ मग रुपये किती, बैल घेतला काय, पाऊस लागला काय. बायकोचे नाव पत्रात येत नसे. तो रिवाजच नव्हता. ‘घरातील थोरामोठ्यांस नमस्कार व लहानांस आशीर्वाद’ या ओळीत ती कोठेतरी उभी असे, आणि वाचून दाखविणाऱ्याचा आवाज तेथे आला की चुलीपुढे बसलेल्या त्या बाईस आपली जागा समजत असे. ‘आणखी काही?’ असे लेखक विचारी. थोडा वेळ थांबून ‘ऱ्हाऊ द्या’ असे उत्तर येई. या ‘ऱ्हाऊ द्या’चा मायना हेमाद्रीच्या मेस्तकातही नसावा.

इकडे शहरांतून याच धंद्याची एक प्रतिष्ठित शाखा फोफावत होती, ती मानपत्रांची. गव्हर्नर येवो, कीर्तनकार येवो, हेडमास्तर निवृत्त होवो, सभा भरावी, रेशमावर किंवा जाड कागदावर छापलेले मानपत्र वाचावे आणि चांदीच्या करंडकात घालून अर्पण करावे. लिहिणारा बहुधा गावातला संस्कृतचा शिक्षक किंवा कवी म्हणून ख्यात असलेला वकील. मी स्वतः या पापाचा भागीदार आहे. एका शाळेसाठी मी मानपत्र लिहिले त्यात ‘अविरत’ हा शब्द सात वेळा आला होता, हे मला वाचन सुरू झाल्यावर समजले आणि पाचव्यानंतर श्रोत्यांतील मुले बोटे मोजू लागली. परंतु मानपत्राला कधी कधी खरे तेजही चढे. २३ जुलै १९१६ रोजी पुण्यास लोकमान्य टिळकांच्या एकसष्टीचा समारंभ झाला. मानपत्र आणि एक लाख रुपयांची थैली त्यांस अर्पण झाली. त्याच दिवशी सरकारनेही आपले पत्र पाठविले. एक वर्ष चांगल्या वर्तणुकीची हमी म्हणून स्वतःचा २० हजारांचा जातमुचलका आणि १०-१० हजारांचे दोन जामीन का घेऊ नयेत, अशी ती नोटीस होती. एका कागदावर थोरवीची विशेषणे आणि दुसऱ्यावर जामिनाचे आकडे! हायकोर्टाने तो हुकूम पुढे रद्द केला. थैलीची रक्कम टिळकांनी राष्ट्रकार्याला दिली.

विवाहप्रसंगी या लेखकवर्गाची खरी कसोटी लागे. वधूवरांची आणि व्याह्यांची नावे गुंफून नवी मंगलाष्टके रचावीत, ती गुलाबी कागदावर छापून मांडवात वाटावीत, अशी हौस पुष्कळ घरांत असे. वृत्त शार्दूलविक्रीडित, १९ अक्षरांचे, बाराव्यावर यती. वधूचे नाव विजया किंवा कमला असेल तर कवीचे भाग्य, कारण लघु-लघु-गुरु असा जो सगण या वृत्तात दोनदा येतो त्यात ते नेमके बसते. सुशीला असेल तर तिला चरणाच्या शेवटाकडे नेऊन बसवावे लागते. त्याआधी एक जागा दिसते खरी, पण तेथे यती तिच्या नावाच्या मधूनच जातो, आणि भटजी श्वास घेण्यासाठी थांबला की ‘सुशी’ अलीकडे आणि ‘ला’ पलीकडे. व्याह्यांचे आडनाव पाच अक्षरी निघाले तर कवी त्यांस ‘सुजन’ म्हणून वाटेला लावी.

लग्नपत्रिकेस असा कवी लागत नसे. गणपत कृष्णाजींच्या छापखान्यातून १८३१ साली पहिले मराठी पंचांग छापून निघाले आणि मुहूर्त घरोघर पोचला. पुढे छापखाने गावोगाव झाले तसे मुहूर्तापाठोपाठ निमंत्रणही छापील झाले. आमच्या तालुक्याच्या छापखान्यात एक नमुन्यांची वही असे. पाने तेलकट, कडा कुरतडलेल्या. मालक शाईचे हात धोतरास पुशीत विचारी, ‘किती नंबरचा मजकूर?’ आठ नंबरात ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’, बारा नंबरात ‘हेच अगत्याचे बोलावणे समजून’, आणि खाली बारीक टाइपात घरातील कच्च्याबच्च्यांच्या तोंडी घातलेले ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!’ ते हट्टाचे वाक्यदेखील नमुन्यातलेच. ताईस धाकटे भावंड असो वा नसो. नमुना कोणी लिहिला होता हे मालकासही माहीत नव्हते. ‘आधीच्या मालकाकडून वहीसकट आला,’ असे तो म्हणे. चिटणिसाचा मायना एका माणसासाठी होता, त्याच्यासाठीच उतरलेला होता. येथे ‘रा. रा.’ हीसुद्धा छापलेली आणि पुढे टिंबांची रेघ, की जिच्यावर नाव हाताने भरावे.

तारखात्याने याच्याही पुढचे पाऊल टाकले. दिवाळीचे अभीष्टचिंतन, लग्नाचे, परीक्षेतील यशाचे, पुत्रजन्माचे, प्रत्येकाचे ठरलेले वाक्य आणि प्रत्येक वाक्याचा क्रमांक. पाठविणाऱ्याने क्रमांक सांगावा. तारेवरून जावयाचा तो आकडाच जाई, आणि पलीकडचा तारबाबू आकड्याचे वाक्य करून रंगीत कागदावर चिकटवी. हृदयापासून निघालेली भावना वाटेत काही वेळ नुसती संख्या होऊन प्रवास करी. जुलै २०१३ मध्ये तारच बंद झाली.

असे असले तरी लिहिलेल्या शब्दाची खरी मातब्बरी ज्या घरांत कोणास वाचता येत नव्हते तेथे होती, आणि तेथे शब्दाच्याही आधी पोचणारा एक मायना होता. शुभकार्याच्या पत्राच्या कोपऱ्यांस हळदकुंकवाचे बोट लागलेले असे. मृत्यूची वार्ता आणणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे, आणि ते वाचून होताच फाडून टाकावयाचे, घरात ठेवावयाचे नाही. माझी आजी निरक्षर होती. पोस्टमन अंगणात आला की ती हात पदराला पुसून पुढे होई, कार्ड घेई, उलटसुलट करून त्याचे चारही कोपरे बोटांनी चाचपून पाही, आणि मग ते वाचावयास माझ्या हाती देई.